दिवसाची वीज सूर्याची, रात्रीची कोळशाची: वर्ध्याच्या शेतातून समजून घ्या हरित ऊर्जेचं गणित

'भारताची निम्मी वीज आता हरित झाली' अशा अर्थाच्या पोस्ट जुलै २०२५ पासून तुमच्याही फीडमध्ये येऊन गेल्या असतील. त्यातला आकडा सरकारी आहे आणि तो खरा आहे.

दुसरीकडे वर्धा जिल्ह्यात हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं म्हणून ऐन थंडीत रात्री टॉर्च घेऊन शेतात जाणारे शेतकरी आजही आहेत. कारण त्यांच्या फीडरवर त्या दिवसांत 'लाईन' रात्रीची असते. सौर ऊर्जा दिवसा तयार होते, ओलित दिवसा करायचं असतं, मग हा माणूस रात्री शेतात का?

या प्रश्नाच्या उत्तरात हरित ऊर्जेचं जवळपास सगळं गणित येतं. सौर वीज कुठे उपयोगी पडते, कुठे कमी पडते, सूर्य मावळल्यावर दिवे कोण लावतं आणि 'निम्मी वीज हरित' या वाक्यात नेमकी गफलत कुठे आहे, हे सगळं त्यातून कळतं.

'निम्मी वीज हरित' म्हणजे नेमकं काय?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशाच्या सुमारे ४८५ गीगावॅट स्थापित क्षमतेपैकी सुमारे २४३ गीगावॅट, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त क्षमता, आता बिगर-जीवाश्म स्रोतांची आहे. पॅरिस करारात भारताने हे उद्दिष्ट २०३० साठी ठेवलं होतं. ते पाच वर्षं आधी गाठलं गेलं.

यात दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, बिगर-जीवाश्म म्हणजे फक्त सौर आणि पवन नाही. मोठी धरणं आणि अणुऊर्जाही त्यात मोजली जाते. दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा आकडा क्षमतेचा आहे, प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेचा नाही.

शेतातलंच उदाहरण घेऊ. विहिरीवर ५ एचपीचा पंप बसवला म्हणून शेताला पाणी मिळालं असं होत नाही. तो किती तास चालला, यावर पाणी ठरतं. वीजनिर्मितीचंही तसंच आहे. विदर्भातला १ मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५ ते १६ लाख युनिट वीज देतो. तेवढ्याच क्षमतेचा औष्णिक संच नीट चालला तर साधारण ६० लाख युनिट देऊ शकतो. कारण सौर पॅनेल रात्री बंद असतं, सकाळी-संध्याकाळी कमी वीज देतं आणि पावसाळ्यात ढगांमुळे अडखळतं.

म्हणूनच क्षमतेत निम्मा वाटा असला, तरी देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजूनही कोळशातून येते.

वर्ध्याला वीज येते तरी कुठून?

वर्धा जिल्ह्यात कोराडी किंवा चंद्रपूरसारखं मोठं औष्णिक केंद्र नाही. पण जिल्हा अगदी कोळशाच्या वाटेवर आहे. एका बाजूला नागपूरजवळची कोराडी आणि खापरखेडा केंद्रं, दुसऱ्या बाजूला २,९२० मेगावॅटचं चंद्रपूर केंद्र. ज्या पट्ट्यात वणी, बल्लारपूर, चंद्रपूरच्या खाणी आहेत, त्या कोळसा क्षेत्राचं नावच 'वर्धा खोरे' असं आहे. नाव अर्थातच नदीवरून आलं आहे.

वर्ध्याजवळ मांडवा इथे लँको कंपनीचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्पही उभा राहायला लागला होता. तो पूर्ण झाला नाही.

मात्र 'वर्ध्याची वीज अमुक केंद्रातून येते' असं बोट दाखवून सांगता येत नाही. ३१ डिसेंबर २०१३ पासून देशातली सगळी प्रादेशिक ग्रिड एकमेकांना जोडलेली आहेत. कोराडीचा कोळसा, कोयनेचं पाणी, साताऱ्याच्या पठारावरचा वारा आणि राजस्थानातलं ऊन, या सगळ्यांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. पॉवरग्रिडचं वर्धा इथलं ७६५ केव्हीचं उपकेंद्र हे या जाळ्यातलं महत्त्वाचं ठिकाण आहे. छत्तीसगडकडून येणारी वीज पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे जाताना इथून पुढे जाते.

म्हणजे विजेचे मोठे टॉवर जिल्ह्याच्या शेतांवरून जातात, पण त्याच शेतातल्या पंपाला वीज कधी मिळणार हे वेगळ्याच गोष्टीवर ठरतं.

मग शेतीपंपांना रात्रीच वीज का?

ग्रिडमध्ये प्रत्येक क्षणी जेवढी मागणी तेवढाच पुरवठा असावा लागतो. मागणी वाढली आणि वीज कमी पडली, तर कुणाचा तरी पुरवठा थांबवावा लागतो. कारखाना अर्ध्यात थांबवणं अवघड असतं, दवाखान्याची वीज तोडता येत नाही आणि घरातले दिवे-पंखे बंद झाले की ओरड होते. शेतीचं तसं नाही. पिकाला पाणी आज सकाळी दिलं काय किंवा रात्री दिलं काय, पिकाला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पाणी देणाऱ्या माणसाला.

वीज व्यवस्थेने नेमका याचाच उपयोग केला. गावाच्या घरांसाठी वेगळा गावठाण फीडर आणि शेतीपंपांसाठी वेगळा कृषी फीडर अशी विभागणी झाली. मग कृषी फीडरना पाळी लावून दिली: काही दिवस दिवसा आठ तास थ्री फेज, काही दिवस रात्री. दिवसभराची मागणी अशा रीतीने रात्रीवर ढकलली गेली. कोळशाचे संच रात्रीही चालवावेच लागतात, त्यामुळे त्या वेळची वीज वापरलीही जायची.

हिशेबाच्या दृष्टीने ही सोय होती, पण तिची किंमत शेतकऱ्याने दिली. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे. आर्वी, आष्टी, कारंजा भागात जंगलाला लागून शेतं आहेत. रानडुकरं आणि रोही तर जिल्ह्यात सगळीकडेच. अंधारात साप पायाखाली येणं, ओल्या हातांनी स्टार्टरला हात लागणं, डीपीवरचा फ्यूज उडाला म्हणून रात्री एकट्याने खटपट करणं, हे सगळं या पाळीबरोबर येतं.

काहींनी त्यावर तोडगा काढला तो ऑटो स्विचचा. लाईन आली की पंप आपोआप सुरू होतो, शेतकऱ्याला शेतात जावं लागत नाही. पण फीडर चालू होताच सगळे पंप एकदम सुरू झाले की रोहित्रावर एकाच वेळी ताण येतो आणि ते जळतं. मग ऐन ओलिताच्या दिवसांत नवीन रोहित्राची वाट पाहणं आलं.

यात सौर ऊर्जा कुठे बसते?

सौर विजेची सगळ्यात मोठी अडचण ही की ती फक्त दिवसा मिळते. आणि शेतीपंपांची मुख्य मागणी ही की आम्हाला दिवसा वीज द्या. या दोन गोष्टी एकमेकींना जुळतात.

घरात वीज लागते ती मुख्यतः संध्याकाळी. तिथे सौर वीज वापरायची तर ती साठवावी लागते. पंपाचं तसं नाही. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत पंप चालला तर काम भागतं. शिवाय खरी गरज लागते ती रब्बीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या काळात विदर्भात आकाश बहुतेक निरभ्र असतं. म्हणजे बॅटरीचा खर्च न करता सौर वीज जिथे थेट वापरता येते, अशा मोजक्या ठिकाणांत शेतीपंप सगळ्यात वर येतो.

याच विचारावर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना उभी आहे. ती जून २०१७ मध्ये जाहीर झाली. सुरुवातीच्या पथदर्शी प्रकल्पांसाठी अण्णा हजारे यांचं राळेगणसिद्धी आणि वर्ध्याच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही गावं निवडली गेली. पण पुढची काही वर्षं कामाचा वेग कमीच राहिला.

२०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. २०२५ च्या अखेरपर्यंत राज्यातले किमान ३० टक्के कृषी फीडर सौर विजेवर आणायचे, असं तिचं उद्दिष्ट होतं. नंतर ते वाढवून १६ हजार मेगावॅटपर्यंत नेण्यात आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या योजनेतल्या एकूण १९ मेगावॅटच्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण केलं. बहुतांश शेतकऱ्यांना दिवसा वीज देण्यासाठी राज्य सरकारने आता २०२६ च्या अखेरची मुदत सांगितली आहे.

ही योजना चालते कशी?

गावाजवळच्या उपकेंद्रापासून पाच ते दहा किलोमीटरच्या आत जागा शोधली जाते. तिथे सौर प्रकल्प उभा राहतो. त्याची वीज थेट त्या उपकेंद्रात येते आणि तिथून कृषी फीडरवर जाते. शेतकऱ्याला काही बसवावं लागत नाही. पंप तोच, स्टार्टर तोच, तारही तीच. बदलते ती विजेची वेळ.

प्रकल्प खासगी कंपनी उभारते आणि २५ वर्षं वीज विकण्याचा करार करते. या करारांमधला दर युनिटमागे साधारण तीन रुपयांच्या आसपास आहे. गावातच तयार झालेली वीज गावातच वापरली जात असल्याने दुरून आणताना तारांमध्ये होणारी गळतीही कमी होते.

खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला किमान १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ, अशी तरतूद आहे. प्रकल्प होतो त्या ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये मिळण्याचीही तरतूद आहे.

एका मेगावॅटवर किती पंप चालतील?

कागद-पेन घेऊन हे गणित कुणालाही करता येईल.

- ५ एचपीचा पंप म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट. तो आठ तास चालला तर सुमारे ३० युनिट लागतात.
- १ मेगावॅटचा सौर प्रकल्प स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण ४,००० ते ४,५०० युनिट देतो.
- म्हणजे १ मेगावॅटवर साधारण १४० पंपांचा दिवसभराचा हिशेब बसतो.
- १ मेगावॅटला जागा लागते चार ते पाच एकर.

प्रत्यक्षात सगळे पंप रोज आठ तास चालत नाहीत. पावसाळ्यात कपाशी, सोयाबीन, तूर पावसावर असते आणि पंप बहुतेक बंद असतात. त्या काळात हीच वीज ग्रिडमध्ये जाते आणि इतरांना मिळते. उलट जानेवारीत सगळ्यांचं ओलित एकदम निघालं आणि दोन दिवस ढग आले, तर फीडरला ग्रिडमधूनच वीज घ्यावी लागते. म्हणून सौर फीडर ग्रिडपासून तुटलेला नसतो, तो ग्रिडला जोडलेलाच असतो.

बिल माफ आहे, मग स्वस्त विजेचा फायदा कुणाला?

राज्यात जुलै २०२४ मध्ये बळीराजा मोफत वीज योजना जाहीर झाली. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना, म्हणजे सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना, एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ पर्यंत बिल भरावं लागणार नाही, अशी ती योजना आहे.

शेतकऱ्याला बिल येत नाही, पण विजेची किंमत कुणीतरी भरतंच. ती भरतं राज्य सरकार, म्हणजे करदाता. योजना जाहीर झाली तेव्हा हा बोजा वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा सांगितला गेला होता. शिवाय वर्षानुवर्षं शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी उद्योग आणि दुकानांना जास्त दर लावला जातो. हिंगणघाटच्या जिनिंग मालकापासून वर्ध्याच्या पीठगिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या बिलात तो वाटा असतो.

शेतीला लागणारी वीज तीन रुपयांना मिळाली, तर हा बोजा हलका होऊ शकतो. त्यामुळे दिवसा विजेची योजना ही फक्त शेतकऱ्याच्या सोयीची नाही. महावितरण आणि राज्याच्या तिजोरीचंही त्यात मोठं हित आहे.

सौर फीडर आणि सौरपंप एकच का?

नाही. इथे बरेच जण गोंधळतात.

सौर फीडरमध्ये प्रकल्प सामाईक असतो आणि शेतकरी ग्रिडवरच राहतो. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत मात्र शेतातच पॅनेल लागतात आणि पंप त्यावरच चालतो. त्याला ग्रिडची लाईन नसते. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्याहून जास्त जमिनीला साडेसात एचपीचा पंप, असं साधारण प्रमाण आहे. शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरायचे असतात. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना पाच टक्के भरावे लागतात. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा असतो.

ज्याच्या शेतापर्यंत खांबच आलेले नाहीत, त्याच्यासाठी सौरपंप मोठा आधार आहे. कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागत नाही आणि लोडशेडिंगचा प्रश्न येत नाही.

पण तक्रारीही आहेत. ढगाळ दिवशी पंप जेमतेम चालतो. पाणी खोल असेल तर ताकद कमी पडते. वादळात पॅनेल उडतात, फुटतात. एकट्या शेतात केबल चोरीला जाते. नादुरुस्त झाल्यावर कंपनीचा माणूस किती दिवसांनी येतो, यावर हंगाम ठरतो. वायरमनला फोन करून भागत नाही. म्हणून लाईन जवळ असलेले अनेक शेतकरी सौरपंपाऐवजी जुनंच कनेक्शन मागतात, आणि त्यामागे कारण आहे.

घराच्या छतावर पॅनेल लावलं तर?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त क्षमतेला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान मिळतं. १ किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट देतं.

दोन गोष्टी मात्र आधी माहिती असायला हव्यात.

एक, दुपारी घरात कुणी नसताना तयार झालेली वीज ग्रिडमध्ये जाते आणि रात्री तुम्ही ग्रिडमधूनच वीज घेता. नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. बिल शून्य आलं, तरी रात्री तुमचा पंखा बहुधा कोळशाच्या विजेवरच फिरत असतो.

दोन, बॅटरी नसलेली छतावरची यंत्रणा लाईन गेली की बंद पडते, भर दुपारीसुद्धा. हा बिघाड नाही. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून आलेल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो.

वर्ध्याचं ऊन ४५ अंशांचं, मग वीजही जास्त मिळणार?

विदर्भात हा समज पक्का आहे, पण तो अर्धाच खरा आहे. पॅनेलला हवा असतो प्रकाश, उष्णता नको असते. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असते तेव्हा पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापू शकतं. म्हणजे १२ ते १६ टक्के घट फक्त उष्णतेमुळे. त्यात धूळ साचली तर आणखी घट.

म्हणून फेब्रुवारी-मार्चचा स्वच्छ, मध्यम उन्हाचा दिवस पॅनेलला मे महिन्यापेक्षा जास्त मानवतो. पॅनेल पुसणं ही छोटी वाटणारी गोष्टही हिशेबात मोठी असते.

सूर्य मावळल्यावर काय?

हरित ऊर्जेचा खरा कस इथे लागतो. ३० मे २०२४ ला देशाची मागणी विक्रमी २५० गीगावॅटपर्यंत गेली होती. ती वेळ दिवसाची होती, त्यामुळे सौर विजेची मोठी मदत झाली. पण संध्याकाळी सहा-सातला सौर निर्मिती शून्यावर येते आणि नेमके तेव्हाच घराघरांतले दिवे, कूलर, टीव्ही सुरू होतात. ही खिंड भरून काढायला आज मुख्यतः कोळसाच आहे.

यातून औष्णिक केंद्रांवर वेगळाच ताण आला आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा त्यांना निर्मिती ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणावी लागते आणि संध्याकाळी झपाट्याने वर न्यावी लागते. हे संच सतत एका वेगाने चालण्यासाठी बनवलेले आहेत. रोजच्या चढ-उताराने त्यांची झीज वाढते, खर्चही वाढतो.

यावर पर्याय कोणते आहेत?

- पाणी: दुपारच्या विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प याच पद्धतीने चालतो. पण त्याला सह्याद्रीसारखा उतार लागतो. वर्ध्याच्या सपाटीवर ते शक्य नाही.
- बॅटरी: किमती उतरत आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नव्या सौर निविदांमध्ये प्रकल्पाच्या क्षमतेच्या किमान दहा टक्के, दोन तासांची साठवण ठेवावी, असा सल्ला दिला. म्हणजे संध्याकाळचा एक छोटा तुकडा भरून निघेल, रात्र नाही.
- पऱ्हाटी: वर्ध्यात कापूस निघाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या अनेक ठिकाणी बांधावर जाळल्या जातात. त्यांच्या विटा किंवा गोळ्या करून त्या कोळशात मिसळता येतात. केंद्राच्या धोरणानुसार औष्णिक केंद्रांनी २०२४-२५ पासून पाच टक्के आणि २०२५-२६ पासून सात टक्के जैवइंधन वापरायचं आहे. अडचण आहे ती पऱ्हाट्या गोळा करण्याची आणि वाहून नेण्याची. शेतकऱ्याला मजुरी निघेल इतका भाव मिळाला, तरच हे चालेल.
- वारा: राज्यात तो सातारा, सांगली, धुळे, नंदुरबारकडे आहे. वर्ध्यात त्याचा फारसा भरवसा नाही.

वर्ध्यात मांडला गेलेला जुना विचार

साठा आणि प्रवाह हा फरक वर्ध्याला नवा नाही. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडी हे त्याचं केंद्र बनलं. संघाचं काम पाहणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी निसर्गसंपत्तीचे दोन भाग केले होते. कोळसा आणि पेट्रोलियमसारखा साठा, जो वापरला की संपतो. आणि ऊन, पाणी, वनस्पतींसारखा वाहता स्रोत, जो पुन्हा पुन्हा मिळतो. साठ्यावर उभी राहिलेली व्यवस्था फार टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या त्यांच्या १९४५ च्या पुस्तकात ही मांडणी आहे. त्याच मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे आणि ग्रामीण ऊर्जा हा तिच्या कामाचा एक विभाग आहे.

कुमारप्पांचा भर आणखी एका गोष्टीवर होता: साधनं गावाच्या हातात असावीत. सौर प्रकल्पांबद्दल तोच प्रश्न आज पुन्हा उभा राहतो.

गावाला काय मिळणार, काय जाणार?

*जमीन:* ५ मेगावॅटच्या प्रकल्पाला २० ते २५ एकर लागतात. सरकारी जागा शोधताना अनेकदा गायरान समोर येतं. कागदावर ते पडीक असतं, पण गावातल्या शेळ्या-गुरांची चराई आणि भूमिहीन कुटुंबांचा चारा-सरपण त्यावर चालतं. कुंपण घातलं की ते बंद होतं. राज्यात अनेक गावांत विरोध झाला तो सौर ऊर्जेला नाही, या कुंपणाला. ग्रामसभेत प्रकल्प येण्याआधी चराईसाठी दुसरी जागा ठरली का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

*पाणी:* वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर आहे. या खडकात पाणी कमी साठतं. बिल नाही आणि लाईन दिवसा आहे, तर पंप थांबवायला कारणच उरत नाही. शेजारच्या वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात भूजल किती खोल गेलं, हे आर्वी-आष्टी-कारंजाच्या बागायतदारांना सांगायला नको. सौर विजेबरोबर ठिबक आणि विहिरींचं पुनर्भरण आलं नाही, तर वीज असेल पण विहिरीत पाणी नसेल.

*रोजगार:* प्रकल्प उभारताना मजुरी मिळते. नंतर राखण, पॅनेल धुणं, गवत काढणं एवढंच काम उरतं. देखभालीचं प्रशिक्षण गावातल्या आयटीआय झालेल्या मुलांना मिळालं, तर दुरुस्तीचा वेळही कमी होईल आणि काहींना काम मिळेल.

तुमच्या गावात हे पोहोचलं का, कसं ओळखाल?

जाहिरातीतल्या मेगावॅटवरून ते कळणार नाही. काही साधे प्रश्न विचारता येतील. आपला कृषी फीडर कोणत्या उपकेंद्रावर आहे? त्या उपकेंद्राला सौर प्रकल्प जोडला गेला आहे का? जोडला असेल, तर वेळापत्रकातून रात्रीची पाळी गेली का? दिवसा मिळणारे तास सलग मिळतात की तुकड्यांत? ढगाळ दिवशी काय होतं? ग्रामपंचायतीला ठरलेले पैसे आले का? ही माहिती महावितरणच्या शाखा कार्यालयात आणि ग्रामसभेत मागता येते.

देशाची निम्मी क्षमता हरित झाली, ही मोठी गोष्ट आहे. रात्री कोळशाला पर्याय मिळायला अजून वेळ लागेल, हेही तितकंच खरं. पण शेतीपंपाला रात्रीची वीज लागतच नाही. त्यामुळे हरित ऊर्जेने जो प्रश्न सगळ्यात आधी सोडवायला हवा आणि जो आजच्या तंत्रज्ञानात सुटू शकतो, तो हाच आहे. सेलूच्या किंवा समुद्रपूरच्या शेतकऱ्यासाठी या सगळ्या आकड्यांचा अर्थ एका गोष्टीवर ठरेल: या रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला त्याला रात्री घराबाहेर पडावं लागलं की नाही.